घरच्या कॉम्प्युटरपर्यंत उलटा टनेल: पहाटे का मरतो आणि टिकवायचा कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घर गोव्यात वाळपईजवळच्या गावात, नोकरी पर्वरीला, सोमवार ते शुक्रवार मुक्काम तिथेच भाड्याच्या खोलीत. घरी उबुंटू लिनक्स असलेला डेस्कटॉप. त्यावर लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, पावतीपुस्तकं अशा जोडधंद्याच्या सगळ्या फायली. वडील घरी असतात, पण कॉम्प्युटरचं बटण दाबण्यापलीकडे त्यांना त्यातलं काही कळत नाही. राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी आतल्या कॉम्प्युटरकडे वळवणं) करून पाहिलं, बाहेरून काही पोचलं नाही. मग मुंबईतला एक छोटा सर्व्हर भाड्याने घेऊन एसएसएचचा (दूरच्या कॉम्प्युटरवर सुरक्षितपणे शिरायचं साधन) रिव्हर्स, म्हणजे उलटा, टनेल लावला आणि त्याची कमांड स्टार्टअपला टाकून ठेवली. सोमवारी ऑफिसातून झकास चाललं. मंगळवारी पहाटे घरची लाईट जाऊन आली आणि तेव्हापासून टनेल बंद. कॉम्प्युटर चालू, इंटरनेट चालू, घरून सर्व्हरला जोडणीही झालेली दिसते, पण २२२२ हा पोर्ट (जोडणी घ्यायचं क्रमांकाचं दार) ‘आधीच वापरात’. प्रश्न दोन: हे टिकवायचं कसं, आणि हे सुरक्षित आहे का?

मी फोंड्यात बसून गेली अठरा वर्षं कारखान्यांची आणि छोट्या ऑफिसांची नेटवर्कं सांभाळतो. टनेल उभा करायला पाच मिनिटं लागतात आणि ती तुम्ही पार केली आहेत. खरं काम पुढचं: घरी हात लावणारं कोणी नसताना, भर पावसात लाईट चारदा जाऊन आली तरी टनेलने आपला आपण पुन्हा उभं राहिलं पाहिजे. हे उत्तर मुख्यतः त्याबद्दलच आहे.

आधी पोर्ट फॉरवर्डिंग का जमलं नाही ते पाहू. तुम्ही पाठवलेल्या चित्रात राऊटरचा बाहेरचा पत्ता १००.७० ने सुरू होतो. कारण तिथेच आहे. आयपीची, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या पद्धतीची, जुनी, चौथी आवृत्ती ३२ बिटांची, म्हणजे सगळे मिळून सुमारे ४३० कोटी पत्ते. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून संपले. त्यानंतर इंटरनेट कंपन्यांनी हजारो घरांना मिळून मोजके सार्वजनिक पत्ते द्यायला सुरुवात केली, आणि एप्रिल २०१२ मध्ये या मधल्या जाळ्यासाठी १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा खास राखून ठेवला गेला. तुमच्या राऊटरचा पत्ता याच पट्ट्यातला. म्हणजे तुमच्या राऊटरच्या पुढे कंपनीचा आणखी एक मोठा राऊटर बसलेला आहे आणि त्यात तुम्हाला काहीही बदलता येत नाही. तुम्ही घराचं दार उघडलंत, पण वाड्याचा दिंडी दरवाजा दुसऱ्याच्या हातात आहे. त्यामुळे तुमच्या राऊटरमध्ये चूक शोधत बसू नका, ती तिथे नाही.

आता उलटा टनेल नेमकं काय करतो? ज्यांनी नव्वदच्या दशकाआधीचे दिवस पाहिलेत त्यांना पीपी नंबर आठवत असेल. घरात फोन नाही, म्हणून पत्रिकेवर कोपऱ्यावरच्या दुकानाचा नंबर छापायचा आणि पुढे ‘पीपी’ लिहायचं. तुमचं घर आज तसंच आहे: बाहेरून फोन लागत नाही, घरातून मात्र लागतो. म्हणून घरच्या कॉम्प्युटरने स्वतःहून मुंबईच्या सर्व्हरला फोन लावायचा आणि लाइन धरून ठेवायची. तुम्ही पर्वरीहून त्या सर्व्हरकडे गेलात की तो तुम्हाला त्याच धरलेल्या लाइनवर जोडून देतो. एसएसएचमध्ये कॅपिटल आर या पर्यायाने हे होतं: सर्व्हरच्या २२२२ पोर्टवर जे येईल ते घरच्या २२ पोर्टवर पोचवायचं. कंपनीच्या राऊटरच्या दृष्टीने ही घरातून बाहेर गेलेली साधी जोडणी, त्यामुळे तो आडवा येत नाही.

आणि लाइन ‘धरून ठेवायची’ या दोन शब्दांतच तुमच्या मंगळवारचा घोटाळा आहे.

पहाटे लाईट गेली तेव्हा घरचा कॉम्प्युटर निरोप न घेता गेला. एरवी जोडणी बंद करताना दोन्ही बाजू एकमेकांना तसं कळवतात. इथे सर्व्हरला काहीच कळलं नाही, तो २२२२ अडवून मेलेली लाइन कानाला लावून बसला. त्याच्या लिनक्सची ठरीव सवय अशी, की शांत पडलेल्या जोडणीची पहिली चौकशी ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी करायची, आणि मग सव्वा मिनिटाच्या अंतराने नऊदा विचारून उत्तर नाही आलं तर सोडायची. दरम्यान लाईट आली, कॉम्प्युटर सुरू झाला, तुमची स्टार्टअपची कमांड चालली, सर्व्हरला जोडणी झाली, पण २२२२ मागितल्यावर ‘आधीच वापरात’ असं उत्तर आलं. आता इथे एसएसएचची एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते: पोर्ट मिळाला नाही तरी तो बाहेर पडत नाही. एक इशारा छापतो आणि जोडणी तशीच चालू ठेवतो. पोर्ट तो पुन्हा मागतही नाही. म्हणून तुम्ही सर्व्हरवर जाऊन जुनी प्रक्रिया मारलीत तरी उपयोग झाला नाही. नवी जोडणी जिवंत होती, पण तिच्यात टनेलच नव्हता.

याचा इलाज तीन सेटिंग्जमध्ये आहे. नावं मी देवनागरीत तोडून लिहितो, फाइलमध्ये ती इंग्रजीत आणि सलग लिहायची. घरच्या बाजूला ‘एक्झिट ऑन फॉरवर्ड फेल्युअर’ला ‘येस’ द्या. पोर्ट नाही मिळाला तर एसएसएच खोटा जिवंतपणा न दाखवता बाहेर पडेल. तिथेच ‘सर्व्हर अलाइव्ह इंटर्व्हल’ ३० करा. दर ३० सेकंदांनी घर सर्व्हरला विचारेल, आणि तीनदा उत्तर नाही आलं तर जोडणी सोडेल. (तीन हा आकडा ठरीवच आहे. इंटर्व्हल मात्र ठरीव शून्य, म्हणजे विचारणाच बंद असते.) आणि सर्व्हरच्या एसएसएच सेवेत ‘क्लायंट अलाइव्ह इंटर्व्हल’ ३० आणि ‘क्लायंट अलाइव्ह काउंट मॅक्स’ ३. आता मेलेली लाइन सर्व्हर दोन तासांऐवजी दीड मिनिटात सोडून देतो. नुसती घरची बाजू सुधारून भागत नाही. मी पाहिलेल्या बहुतेक लंगड्या टनेलांमध्ये सर्व्हरची बाजू राहून गेलेली असते.

या विचारपुशीचा आणखी एक फायदा. कंपनीचा मधला राऊटर प्रत्येक जोडणीची नोंद ठेवतो आणि बराच वेळ काही गेलं-आलं नाही की ती पुसतो. २००८ च्या मानकानुसार त्याने किमान २ तास ४ मिनिटं थांबायला हवं, पण सगळी उपकरणं तेवढा धीर धरत नाहीत. रात्रभर कोणी न वापरलेला टनेल सकाळी मुका होतो त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. ३० सेकंदांची विचारपूस ती नोंद ताजी ठेवते.

आता बाहेर पडलेल्या एसएसएचला पुन्हा उठवायचं कोणी? स्टार्टअपची कमांड एकदाच चालते, ती काढून टाका. सिस्टमडीची (लिनक्समध्ये सेवा सुरू करून चालू ठेवणारा प्रोग्रॅम) एक छोटी सेवा लिहा: ‘रीस्टार्ट’ला ‘ऑलवेज’ आणि ‘रीस्टार्ट सेक’ला २०. हा २० चा आकडा विसरलात तर पावसाळ्यात पस्तावाल, त्याचं कारण सांगतो. ठरीव अंतर एक दशांश सेकंदाचं असतं आणि दहा सेकंदांत पाच प्रयत्न फसले की सिस्टमडी कायमचा हात टेकतो. लाईट आल्यावर कॉम्प्युटर अर्ध्या-पाऊण मिनिटात तयार होतो, फायबरच्या डब्याला मात्र सिग्नल पकडून पत्ता मिळवायला त्याहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात पाचही प्रयत्न संपून जातात आणि आठवडाभर कोणी विचारत नाही. वीस सेकंदांचं अंतर ठेवलं की ही मर्यादा कधी गाठलीच जात नाही. ज्यांना ऑटोएसएसएच (तुटलेलं एसएसएच पुन्हा जोडणारा प्रोग्रॅम) आवडतो त्यांनीही जपावं: पहिली जोडणी ३० सेकंदांच्या आत तुटली तर तो काहीतरी चुकलंय असं समजून बंद पडतो. त्याचा ‘गेट टाइम’ शून्य करावा लागतो. मी स्वतः नुसता सिस्टमडी वापरतो. मधे जितकी कमी माणसं तितकं बरं.

सेवा पहिल्यांदा चालवण्याआधी, ती ज्या युजरच्या नावाने चालणार त्याच युजरने हाताने एकदा सर्व्हरला जोडून बघा. पहिल्या भेटीत एसएसएच ‘हा सर्व्हर ओळखीचा नाही, पुढे जाऊ का?’ असं विचारतो. सेवेच्या मागे ‘येस’ टाइप करायला कोणी बसलेलं नसतं.

सुरक्षिततेकडे येतो. हा भाग मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो, कारण तुम्ही लिहिलंय की ‘२२२२ बाहेरूनही थेट उघडता यावा म्हणून गेटवे पोर्ट्स येस करून पाहिलं’. ते आजच्या आज मागे घ्या. ठरीव स्थितीत सर्व्हरचा २२२२ फक्त सर्व्हरच्या आतूनच दिसतो, आणि ते फार शहाणपणाचं आहे. येस केलंत की तो साऱ्या जगाला दिसतो. इंटरनेटवर चोवीस तास दारं ठोठावत फिरणारे प्रोग्रॅम आहेत, नव्या सर्व्हरची लॉग फाइल उघडून बघा, पहिल्याच दिवशी अनोळखी पत्त्यांची रांग दिसेल. त्यातही घरच्या बाजूला एक खास अडचण आहे. टनेलमधून येणारा प्रत्येक जण घरच्या कॉम्प्युटरला १२७.०.०.१ या पत्त्यावरून, म्हणजे घरातूनच आल्यासारखा दिसतो. चोर आणि तुम्ही, दोघांचा पत्ता एकच. फेलटूबॅनसारखी पत्ता पाहून अडवणारी साधनं तिथे आंधळी होतात. म्हणून घरी आणि सर्व्हरवर, दोन्हीकडे पासवर्डने लॉगिन पूर्ण बंद करा आणि फक्त कीवर (पासवर्डऐवजी किल्लीसारखी चालणारी फाइल) चालवा. ईडी२५५१९ जातीची की घ्या.

मग पर्वरीहून आत शिरायचं कसं? बरेच जण आधी सर्व्हरवर लॉगिन करतात आणि तिथून दुसरी कमांड देऊन घरी जातात. त्यासाठी घरची की सर्व्हरवर ठेवावी लागते. भाड्याच्या सर्व्हरवर घराची किल्ली ठेवायची नसते. त्याऐवजी ‘प्रॉक्सी जंप’ वापरा (२०१६ पासून ओपनएसएसएचमध्ये आहे, कॅपिटल जे). तुमचा लॅपटॉप सर्व्हरला फक्त पायरी म्हणून वापरतो आणि एसएसएचचं संपूर्ण संभाषण थेट लॅपटॉप आणि घर यांच्यात होतं. सर्व्हरला मधून जाणारं काहीही वाचता येत नाही. उद्या कोणी तो सर्व्हर फोडलाच तरी त्याच्या हाती लागेल तुमच्या घराचं बंद दार, किल्ली नाही. लॅपटॉपच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘घर’ म्हणून एक नोंद करा: होस्ट लोकलहोस्ट, पोर्ट २२२२, प्रॉक्सी जंप सर्व्हर, आणि ‘होस्ट की अलायस’ म्हणून एक स्वतंत्र नाव. अलायस अशासाठी की उद्या दुसऱ्या सर्व्हरवरून किंवा दुसऱ्या पोर्टने आलात तरी लॅपटॉप तुमचं घर त्याच नावाने ओळखेल, अनोळखी म्हणून अडणार नाही आणि तुम्हाला न वाचता ‘येस’ दाबायची सवय लागणार नाही.

आता टनेलच्या कीबद्दल. सेवा आपोआप उठणार असल्यामुळे तिच्या कीला पासफ्रेज (की उघडायचा पासवर्ड) ठेवता येत नाही. म्हणजे घरचा कॉम्प्युटर चोरीला गेला तर ती की चोराकडे गेली. म्हणून सर्व्हरवर टनेलसाठी वेगळा युजर करा. त्याला लॉगिन शेल (कमांड टाइप करायची जागा) देऊ नका, आणि सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये ‘मॅच युजर’ खाली लिहा: ‘अलाऊ टीसीपी फॉरवर्डिंग’ला ‘रिमोट’, ‘परमिट लिसन’ला लोकलहोस्ट २२२२, ‘परमिट टीटीवाय’ला ‘नो’. या कीने सर्व्हरवर एवढं एकच काम करता येईल, २२२२ वर ऐकायचं. घरून कमांड देताना कॅपिटल एन लावा, म्हणजे शेल मागितलाच जाणार नाही. (‘परमिट लिसन’ २०१८ च्या ७.८ आवृत्तीपासून आहे. सर्व्हर त्याहून जुना असेल तर तो आधी बदला.) पर्वरीहून तुम्ही जो युजर पायरी म्हणून वापराल तो वेगळा असू द्या, कारण प्रॉक्सी जंपला दुसऱ्या दिशेची परवानगी लागते.

घरचा पडदाच हवा असेल, म्हणजे पत्रिकेची मांडणी डोळ्यांनी बघायची असेल, तर व्हीएनसीचा ५९०० किंवा विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट याच ‘घर’ जोडणीवरून लॅपटॉपवर ओढून घ्या. कॅपिटल एल त्यासाठीच आहे. हे पोर्ट कधीही थेट उघडे टाकू नका. मे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमधला ब्लूकीप नावाचा दोष उघड झाला, त्यात लॉगिन न करताच मशीन ताब्यात घेता येत होतं. तेव्हा ज्यांचा ३३८९ एसएसएचच्या मागे होता ते शांतपणे अपडेट करू शकले. एक छोटी सूचना: विंडोजची होम आवृत्ती रिमोट डेस्कटॉपने आत येऊ देत नाही, त्याला प्रो लागते.

सर्व्हर मुंबईचा घेतलात ते उत्तम केलंत. प्रत्येक अक्षर पर्वरी ते मुंबई, मुंबई ते वाळपई आणि तसंच परत असा प्रवास करतं. सर्व्हर युरोपात असता तर हा फेरा इतका लांबला असता की माऊस हलवल्यावर बाण मागून सरकत आला असता. या कामाला सर्वांत लहान सर्व्हर पुरतो.

आता वीज. सत्तरी तालुक्यात पावसाळा कसा असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. माडाची एक झावळ तारेवर पडली तरी तासभर अंधार. म्हणून तीन गोष्टी. कॉम्प्युटरच्या बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप चालू व्हायचं सेटिंग असतं, ते ‘पॉवर ऑन’ करा. नाहीतर बाकीची सगळी मेहनत वडिलांच्या एका बोटावर अवलंबून राहते. फायबरचा डबा आणि राऊटर बहुधा १२ व्होल्टवर चालतात, त्यांच्यासाठी लहान डीसी यूपीएस घ्या. लाईट दोन मिनिटं गेली तर निदान घरचं इंटरनेट तुटणार नाही. आणि शक्य असेल तर टनेल डेस्कटॉपवर ठेवूच नका, एका रास्पबेरी पायवर (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर) ठेवा. तो मोजक्या वॉटवर अहोरात्र चालतो. डेस्कटॉप बंद ठेवा, आणि काम असेल तेव्हा पायमध्ये शिरून वेक-ऑन-लॅनने त्याला उठवा. तो जागवणारा संदेश घरच्या जाळ्याच्या आतूनच पाठवावा लागतो, म्हणून आत कायम जागं असलेलं काहीतरी हवंच. पायमध्ये एसडी कार्डाऐवजी छोटी एसएसडी लावा. अचानक वीज जाण्याने कार्डं खराब झालेली मी बरीच पाहिली आहेत. गडगडाट सुरू झाला की वडिलांना प्लग काढायला सांगा, तेवढा वेळ टनेल नसला तर चालेल. वीज कोसळून मशीन जळण्यापेक्षा ते परवडतं.

एक अनुभव सांगतो, कारण तो तुम्हालाही येऊ शकतो. २०१९ च्या जुलैत कुडचड्याच्या एका वर्कशॉपमधलं मशीन मी फोंड्याहून अशाच टनेलने सांभाळत होतो. रात्री त्याच्या एसएसएच सेवेचं कॉन्फिग बदललं, एका शब्दात अक्षर चुकलं, सेवा रीस्टार्ट केली आणि खिडकी बंद केली. सेवा उठलीच नाही. टनेल जिवंत होता, पण त्याच्या टोकाला दार उघडायला कोणी नव्हतं. सकाळी आठला त्यांचं काम सुरू व्हायचं होतं, म्हणून त्या पावसात गाडी काढून जावं लागलं. त्यानंतर मी कधीही तीन गोष्टी चुकवल्या नाहीत. रीस्टार्टआधी एसएसएचडीला (एसएसएच सेवेचा प्रोग्रॅम) स्मॉल टी देऊन कॉन्फिग तपासायचं. चालू खिडकी बंद न करता दुसऱ्या खिडकीतून नवीन लॉगिन होतंय का ते बघायचं (रीस्टार्टने चालू सत्रं तुटत नाहीत). आणि मोठा बदल असेल तर दहा मिनिटांनी जुनी फाइल परत ठेवून सेवा उठवणारं काम आधी ‘अॅट’ने (ठरल्या वेळी कमांड चालवणारं साधन) लावून ठेवायचं, सगळं ठीक असेल तर ते रद्द करायचं. तुमच्या घरासाठी २२२३ वर दुसरा टनेल, त्याला वेगळी सेवा आणि शक्यतो वेगळं मशीन, एवढी जोड दिलीत तर एक बिघडला तरी दुसऱ्याने आत शिरून दुरुस्त करता येईल. ‘परमिट लिसन’मध्ये त्याची भर घालायला विसरू नका.

ऑफिसच्या लॅपटॉपवरून हे करणार असाल तर आधी तिथल्या आयटीवाल्यांना विचारा. घरच्या जाळ्याला जोडलेला टनेल हा त्यांच्या दृष्टीने त्यांच्या भिंतीतलं भोक आहे आणि त्यांचं ते म्हणणं रास्त आहे. फायली स्वतःच्या खोलीवर, स्वतःच्या लॅपटॉपवरून उघडणं सगळ्यांच्या सोयीचं. खोलीवरच्या वायफायवर २२ पोर्ट अडवलेला असेल तर सर्व्हरची एसएसएच सेवा ४४३ (वेबसाइटांचा नेहमीचा पोर्ट) वरही ऐकायला ठेवा.

टेलस्केल किंवा वायरगार्ड (लांबची उपकरणं एका खासगी जाळ्यात जोडणारी साधनं) का नाही, असं कोणी विचारेल. वायरगार्ड मार्च २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे आणि चारपाच उपकरणं, दोन घरं, भावाचा लॅपटॉप असा पसारा असेल तर मी तेच लावतो. घरी आयपीची सहावी आवृत्ती मिळत असेल तर तोही एक सरळ रस्ता आहे, फक्त तुम्ही जिथून जोडता तिथेही ती हवी आणि राऊटरच्या फायरवॉलमध्ये नेमकं छिद्र पाडता आलं पाहिजे. पण तुमचं एक घर, एक माणूस, काही फायली. तुमच्याकडे सर्व्हर आहे आणि एसएसएच दोन्हीकडे आधीच बसलेलं आहे. त्यावरच टिकून राहा.

सगळं लावून झालं की या रविवारी लगेच निघू नका. वडिलांना सांगून मेन स्विच पाडा, पाच मिनिटांनी चढवा, आणि स्वतः मोबाइलच्या इंटरनेटवरून, घरचं वायफाय बंद ठेवून, ‘घर’ जोडून बघा. कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. मग नुसता राऊटर बंद करून चालू करा आणि पुन्हा तेच. दोन्ही वेळेला तीनचार मिनिटांत घर सापडलं तर सोमवारची पहिली बस पकडा. नाही सापडलं तर सेवेच्या लॉगमधल्या शेवटच्या वीस ओळी मला पाठवा, पासवर्ड आणि पत्ते पुसून.